पावसाळ्यात चिखलातून आलेली थार: किलोमीटर नव्हे, पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2016 ची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल एंजिनची जीप) सेकंडहँड घेतली. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर गगनबावडा, राधानगरी बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर जाणं होतं. आता 60-70 च्या वेगाला गाडी थरथरायला लागली आहे. गॅरेजवाल्याने लांबलचक यादी दिली: दोन्ही क्राऊन (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधले डिफरन्शियलचे गिअर), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा डबा) यांचं ऑईल, शाफ्टचे (तिथून क्राऊनपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यांचे) सगळे क्रॉस म्हणजे सांधे, ब्रेक, इंजेक्टर क्लीनिंग, खालून कोटिंग. बरोबरचे जीपवाले म्हणतात, "जीपला काय होत नाही, चालव बिनधास्त." ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. गॅरेजवाल्याच्या यादीतलं निम्मं काम खरोखर निघणार आहे, पण कुठलं निम्मं हे तुम्हाला घरच्या अंगणात जवळजवळ फुकटात कळू शकतं. मित्रांचं म्हणाल, तर जीपला काही होत नाही यात एकच शब्द राहिलाय: लगेच. श्रावणात ओढ्यात केलेला पराक्रम दिवाळीनंतर आवाज करायला लागतो, आणि मालक गावभर सांगत फिरतो की हायवेवर चांगली चालली होती, अचानक गेली. अचानक काही जात नाही.

कंपनीचा सर्व्हिसचा तक्ता किलोमीटरवर आणि महिन्यांवर बांधलेला असतो. ऑफिसला जाऊन येणाऱ्या गाडीला तो चालतो. तुमचा एक रविवार म्हणजे फार तर शंभर-दीडशे किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी तापून दोन-तीनदा पाण्यात बसली, तासभर फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरात) ओरडली आणि तिचे ड्रम चिखलाने भरले. मीटरला यातलं काहीच कळत नाही. म्हणून अशा गाडीचा हिशोब किती चालली यावर नाही, किती वेळा आणि किती खोल पाण्यात गेली यावर ठेवायचा. एंजिनच्या बढाया मारण्याआधी खाली वाकून बघायची सवय लावायची.

आधी थरथर बघू, कारण तिच्यावरच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. 60-70 ला थरथरते म्हटल्याबरोबर मिस्त्री शाफ्टकडे बोट दाखवतो. तुम्ही आधी चाकं बघा, आणि तीही आतल्या बाजूने. रिमच्या आतल्या कडेला चिखल बसतो आणि तिथेच वाळतो. घाटावरची तांबडी जांभ्याची माती निदान पाण्याने सुटते. पंचगंगेच्या काठच्या शेतवाटेवरची काळी माती एकदा वाळली की सिमेंट. बाहेरून फोम वॉश मारून गाडी चकचकीत, आणि आत एका चाकात मुठीएवढा गोळा चिकटलेला. बॅलन्सिंगवाला पाच-दहा ग्रॅमच्या शिशासाठी डोळे फोडतो, इथे त्याच्या कित्येक पट वजन एका बाजूला फिरतंय. आत हात घालून चारही रिम बोटाने चाचपा, पाण्याने भिजवा, लाकडाच्या पट्टीने खरवडा. नंतर चक्कर मारा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो.

त्याच दमात टायरची हवा बघा. चिखलासाठी 18-20 पीएसआयवर उतरवलेली हवा परतीच्या वाटेवर भरायची राहते, कारण पंक्चरवाल्याआधी मिसळीचं हॉटेल लागतं. कमी हवेत डांबरी रस्त्यावर 70 ला पळवलं की गाडी डुलते, आणि टायरच्या कडा आतून तापून खराब होतात ते वेगळंच. डॅशबोर्डच्या कप्प्यात स्वतःचा गेज ठेवा. पेट्रोलपंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

एवढं करूनही थरथर राहिली तर ती कुठे जाणवते ते नीट बघा. हातात, म्हणजे स्टीअरिंगमध्ये येत असेल तर पुढची चाकं. सीटखालून, फ्लोअरमधून येत असेल आणि वेगाबरोबर घुमणारा आवाजही असेल, तर मात्र शाफ्ट. सुरुवातीला हळू चालताना किंवा रिव्हर्स घेताना बारीक 'चिक-चिक' येते का, गिअर बदलताना खालून 'खट्' होतं का, हेही ऐका. मग गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल, आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने डावी-उजवी फिरवून बघा. शाफ्ट थोडा फिरेल, तो क्राऊनचा खेळ आहे, त्याला घाबरू नका. बघायचं आहे ते क्रॉस आणि त्याला धरणारा काटा, म्हणजे योक, यांच्यामध्ये काही हलतंय का. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून झिजायला लागल्या आहेत. तोच क्रॉस बदला. यादीत 'सगळे क्रॉस' लिहिलंय म्हणून सगळे बदलायची गरज नाही.

निप्पलवाले (ग्रीस भरायचं तोंड असलेले) क्रॉस असतील तर ग्रीस गन लावून चारही टोप्यांच्या कडेने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहा. तीनच टोप्यांतून आलं आणि चौथी कोरडीच राहिली, तर तिथे वाट बंद आहे. तोच क्रॉस आधी मरणार. ओढ्यात जाऊन आल्यावर हे दुसऱ्याच दिवशी करायचं, कारण आत शिरलेलं पाणी नव्या ग्रीसने बाहेर ढकलायचं असतं. डब्ल्यूडी-40 चा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. ते पाणी हाकलायला आणि अडकलेला नट सोडवायला उत्तम, पण ते क्रॉसवर मारून "ग्रीसिंग झालं" म्हणणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये एकदोन असतात.

शाफ्ट उतरवायची वेळ आलीच तर तिथे उभे राहा. शाफ्टचे दोन तुकडे मध्ये दात्यांवर सरकतात. ते वेगळे होऊन परत घालताना एक दाता जरी इकडे-तिकडे झाला, तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि पूर्वी नव्हती ती थरथर सुरू होते. मग पोरगं म्हणतं, "मालक, शाफ्ट वाकलाय, लेथवर द्यावा लागतोय." शाफ्ट वाकलेला नसतो, चुकीच्या दात्यावर बसलेला असतो. उतरवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि क्राऊनच्या फ्लँजवर पंचने किंवा पेंटने खूण करून घ्या. खडूची खूण नको, ग्रीसच्या हाताने ती पुसली जाते. आणि आधीच्या मालकाने लिफ्ट किट टाकलं आहे का तेही तपासा. गाडी उचलली की शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, हे आरटीओच्या दारात आठवण्यापेक्षा आधी आठवलेलं बरं. मूळ टायर 235/70 आर16 आहे. त्याहून मोठे घातले असतील तर स्पीडोमीटरही कमी दाखवतो, म्हणजे तुमचे 70 कदाचित 75 असतील.

आता ऑईल. आमच्याकडे कोल्हापुरात, गॅरेजांच्या उद्यमनगरात, जुना विनोद आहे: जीपखाली ऑईलचा डाग नसेल तर समजायचं, आतलं संपलं. सगळे हसतात, मीही हसतो. पण ज्या सीलमधून ऑईल बाहेर येतं त्याच सीलमधून पाणी आत जातं, आणि हसण्याच्या नादात तेवढं बघायचं राहतं.

हे होतं कसं ते समजून घ्या. क्राऊनचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चालून चांगलं तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. तुम्ही तसेच ओढ्यात घुसता. हौसिंग एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. ही ओढ भरून काढायला वर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, असतो. तो चिखलाने बुजलेला असेल किंवा पाण्याखाली असेल, तर हौसिंग पाणीच ओढून घेतं. ब्रीदरमधून, शाफ्ट जोडतो तिथल्या पिनियन सीलमधून, जिथून मिळेल तिथून. म्हणून ओढ्याच्या काठावर पाच-दहा मिनिटं थांबून मग उतरणारे लोक वेंधळे नसतात. त्यांना कुणी "घाबरला काय रं?" म्हटलं तर म्हणू द्या.

आपल्या गाडीत पाणी गेलंय का हे बघायला ऑईल बदलावं लागत नाही. गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहू द्या. पाणी ऑईलपेक्षा जड, ते खाली बसतं. सकाळी गाडी हलवण्याआधी क्राऊनचा खालचा ड्रेन प्लग हळूच सैल करा आणि पहिले थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. निव्वळ पाण्याचे थेंब आले तर पाणी गेलंय, ऑईल बदलायलाच हवं. ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी त्यात घुसळून गेलंय, ते तर आणखी वाईट. आमचा एक मिस्त्री अशा वेळी ओरडतो, "ए, कप आण रं, मालकांचा चहा झालाय!" ऑईल स्वच्छ निघालं तर प्लग आवळा, जेवढे थेंब गेले तेवढे भरा आणि यादीतली ती ओळ खोडा.

ऑईल काढायचंच असेल तर एक नियम पाळा: आधी वरचा भरायचा प्लग उघडतोय का बघा, मग खालचा सोडा. वर्षानुवर्षं न उघडलेला वरचा प्लग गंजून घट्ट बसलेला असतो. खालून सगळं ऑईल सोडून दिलं आणि वरचा प्लग गोल झाला, तर गाडी जागेवरच अडकते, आणि हे नेहमी रविवारी संध्याकाळी उद्यमनगर बंद असतानाच होतं. प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळसर मऊ लगदा असतोच, त्याची चिंता नको. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या लागल्या तर मात्र क्राऊन-पिनियन उघडून बघायला हवं.

ग्रेडच्या बाबतीत दुकानदारावर जाऊ नका, गाडीचं पुस्तक बघा. साधारणपणे क्राऊनला 80डब्ल्यू-90 आणि जीएल-5 दर्जाचं ऑईल चालतं. तेच "एकच डबा घ्या, सगळीकडे चालतंय" म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगा पितळेच्या असतील तर जीएल-5 मधली काही रसायनं त्यांना मानवत नाहीत, म्हणून तिथे बहुधा जीएल-4 सांगितलेलं असतं. ट्रान्सफर केसचं ऑईल आणखी वेगळं असू शकतं. मोठ्या गॅरेजातही एका बॅरलमधून सगळीकडे भरणारे लोक आहेत, म्हणून डबा स्वतः घेऊन जा आणि सील समोर फोडायला लावा.

ब्रीदरला मात्र खर्च करा. हौसिंगवरच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती एंजिनच्या खोलीत वरपर्यंत न्यायची, टोकाला छोटा फिल्टर. दोन्ही क्राऊन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चारही. यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी काम या गाडीवर नाही, आणि तरीही लोक आधी स्नॉर्कल लावतात, कारण तो फोटोत दिसतो. स्नॉर्कलने एंजिनला वर नाक मिळतं, क्राऊनला नाही. त्यातही बाजारातले बरेच स्नॉर्कल नुसते शोभेचे, जोडांना सील नसतं, पाणी तिथूनच आत. नव्या, 2020 नंतरच्या थारला कंपनी 650 मिलिमीटर पाण्याची खोली सांगते. तुमची त्याच्या आधीची पिढी आहे, तेव्हा तो आकडा ऐकून उतरू नका. पाण्यात एंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारायचा नाही, हे बरोबरच्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून हात लावा. ओला असेल तर गाडी टोइंगवर. काठावर चार जण "मार की, होईल चालू" म्हणतील, त्यांच्या खिशातून काही जाणार नाही.

ब्रेकवरची गॅरेजवाल्याची ओळ अजिबात खोडू नका. मागचे ड्रम म्हणजे चिखलाचे डबे. बाहेरून कितीही पाणी मारा, आतली रेती लाइनरमध्ये रुतून बसते आणि ड्रमला रेघोट्या पाडते. मोठा चिखल झाला की ड्रम काढून आतून धुवायचा, अॅडजस्टर मोकळा फिरतोय का बघायचं, पुढच्या कॅलिपरच्या पिनांना त्यांचं ठरलेलं ग्रीस लावायचं. भिजलेली गाडी रात्रभर हँडब्रेक ओढून उभी करू नका. लाइनर ड्रमला गंजाने चिकटतात, सकाळी गाडी हलत नाही. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवं असताना निदान 230 अंश असतो, ओलावा शोषला की तोच 155 पर्यंत उतरू शकतो. करूळ किंवा आंबोली घाट सतत ब्रेक दाबत उतरलात तर तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफ होऊन पेडल खाली जातं. घाट गिअरमध्येच उतरायचा, हे सांगायला नको, पण फोर बाय फोरवाले सोडून सगळ्यांना ते माहीत असतं.

पुढच्या चाकांची परीक्षा: जॅक लावा, खाली स्टँड ठेवा, चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवी धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉडचं टोक बघा. तुमच्या गाडीला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, तेव्हा हाफ शाफ्टचे (पुढच्या क्राऊनपासून चाकाकडे जाणाऱ्या छोट्या दांड्यांचे) रबरी बूट आतून-बाहेरून बोटाने चाचपा. बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर लगेच बूट बदला. फाटक्या बुटाने आणखी दोन चिखल काढले की सगळा जॉइंटच बदलावा लागतो. मागे पाटे आहेत, त्यांच्या यू-बोल्टच्या नटांवर आणि खालच्या प्लेटवर मिळून एक सरळ रेघ मारून ठेवा. घरातली नेलपॉलिश यासाठी उत्तम, फक्त विचारून घ्या. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना आणा. सैल यू-बोल्टने मधला बोल्ट तुटतो आणि अख्खा अॅक्सल मागे-पुढे सरकतो.

फोर बाय फोर "वापरलं की झिजतं" म्हणून वर्षभर न लावणारेही भेटतात. उलट आहे. लीव्हर, फोर्क, पुढचा शाफ्ट यांना अधूनमधून फिरवलं तरच ते मोकळे राहतात. पंधरा दिवसांतून एकदा ओल्या कच्च्या रस्त्यावर थोडं चालवा. कोरड्या डांबरावर मात्र नको. या गाडीला पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मधे, म्हणजे सेंटरला, डिफरन्शियल नाही, वळणावर ताण साठतो आणि लीव्हर अडकतो. अडकलाच तर हातोडा न मारता थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो. आणि 2015 नंतरच्या सीआरडीईला मागच्या अॅक्सलमध्ये आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आहे. एक चाक हवेत गरगरायला लागलं की आतून 'ठक्' होऊन दुसऱ्याला जोर मिळतो. तो 'ठक्' बिघाड नव्हे. त्यासाठी क्राऊन उघडायला देऊ नका.

वाटेत एक सांगून ठेवतो. मसाई पठारासारख्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ सपाट माथ्यांवर, पावसाळ्यात चाकं फिरवू नका, आणि दाजीपूरच्या अभयारण्यात ठरलेली वाट सोडू नका. एका चाकोरीने उखडलेली पातळ माती परत धरायला वर्षं जातात, आणि वनखात्याने गाडी अडवली तर मीही तुमची बाजू घेणार नाही.

राहिलेली यादी. इंजेक्टर क्लीनिंग: धूर नाही, ओढ कमी नाही, सकाळी एका सेल्फला चालू होते, मग काय साफ करायचं? त्याऐवजी डिझेल फिल्टरच्या तळाचा पाण्याचा प्लग सोडून साचलेलं पाणी काढा, पावसाळ्यात हे काम कॉमन रेल एंजिनला जास्त महत्त्वाचं आहे. रेडिएटर एंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने धुवा. समोरून प्रेशर मारलं की पात्या वाकतात आणि चिखल आणखी आत जातो. त्याच वेळी ऑल्टरनेटरवर प्रेशर गन धरू नका.

कोटिंग आत्ता नको. ओल्या, चिखल दबलेल्या चॅसिसवर कोटिंग मारलं की ओलावा आतच कोंडतो आणि पापुद्र्याखाली गंज निवांत वाढतो. पाऊस संपू द्या, दिवाळीनंतर गाडी आठवडाभर उन्हात वाळू द्या, गंज तारेच्या ब्रशने काढा, मग प्रायमर आणि मग कोटिंग. चॅसिसच्या खालच्या बाजूला पाणी निघायची भोकं असतात. ती आज तारेने मोकळी करा, आतून मूठ-मूठ चिखल निघेल. आणि कोटिंगवाल्याला गन चालू करण्याआधी त्या प्रत्येक भोकात कागदाची सुरळी घालायला लावा, नाहीतर तो ती सगळी बुजवून टाकतो.